ॲक्वामॅन की नेमोर: पहिलं पुस्तक कुणाचं घ्यायचं?

कॉमिक्सचं एकच जाड कलेक्शन परवडणार असेल तर पाण्यातला कुठला राजा घरी आणायचा, हा वाद आमच्या ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर अधूनमधून पेटतोच. कुणीतरी नवीन येतं, सिनेमे बघून आलेलं असतं, आणि सहज विचारतं, "ॲक्वामॅन घेऊ की नेमोर?" मग मासुंदा तलावाला दोन फेऱ्या होईस्तोवर डीसीवाले (ॲक्वामॅन त्या कंपनीचा) आणि मार्व्हलवाले (नेमोर त्यांचा) एकमेकांचे वाभाडे काढतात आणि विचारणारा बिचारा उत्तर न घेताच घरी जातो. म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पात्र म्हणून नेमोर सरस आहे. पण पहिलं पुस्तक ॲक्वामॅनचं घ्या.

आधी ॲक्वामॅन ही नेमोरची 'कॉपी' आहे हा मुद्दा निकालात काढू, कारण त्यात फार वेळ जातो. बिल एव्हरेटचा नेमोर १९३९चा, मॉर्ट वाइझिंगर आणि पॉल नॉरिस यांचा ॲक्वामॅन १९४१चा. तारखा बघून मार्व्हलवाले लगेच टाळ्या देतात. पण १९४१च्या ॲक्वामॅनला अटलांटिसची, म्हणजे समुद्राखालच्या राज्यातली, आई नव्हतीच. त्याचा बाप समुद्राखाली संशोधन करणारा शास्त्रज्ञ होता आणि त्यानेच पोराला पाण्यात जगायला शिकवलं, एवढीच गोष्ट. दीपगृहाचा रखवालदार बाप आणि अटलांटिसची आई हे डीसीने १९५९मध्ये जोडलं. जमिनीचा बाप, समुद्राची आई हा घाट नेमोरकडे तेव्हा वीस वर्षांपासून होता. तेव्हा आरोप करायचाच असेल तर १९५९वर करा, १९४१वर नको. आणि उचललंच असेल, तरी पुढे त्याचं जे केलं ते अगदी वेगळं आहे.

नेमोरचं डोकं जन्मापासून तापलेलं असतं आणि त्याला कारण आहे. बापाचं जहाज दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फात सुरुंग लावत होतं आणि खाली आईची माणसं मरत होती. पोराला वाढवलं तेच सूड घ्यायला. पहिल्याच गोष्टीत त्याच्या हातून माणसं मरतात. १९४१मध्ये तर त्याने थेट न्यूयॉर्कवर समुद्र सोडला. पुढे युद्धात तो नाझींविरुद्ध लढला, मग काही वर्षं विस्मरणात गेला. १९६२मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी त्याला परत आणलं, ते गरिबांच्या एका स्वस्त लॉजमध्ये दाढी वाढवून पडलेला, स्वतःचं नावही विसरलेला माणूस म्हणून. ओळख परत येते, तो घरी जातो, तर अणुचाचण्यांनी राजधानीची राख झालेली. कर्बीची ती पानं आजही बघावीत. त्या क्षणी नेमोर खलनायक आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही.

चेंदणी कोळीवाड्यातला आमचा एक मित्र इथेच नेमोरचा झाला. त्याचे आजोबा ठाण्याच्या खाडीत मासेमारी करायचे. निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबी, सगळं मिळायचं म्हणे. आता खाडी गाळाने भरली आहे आणि त्यात कारखान्यांचं पाणी. त्याचा सवाल सरळ असतो: "तुझा ॲक्वामॅन इथं येऊन काय करणार? दोन्ही बाजूंची मीटिंग लावणार. नेमोर आला तर तासाभरात घोडबंदर रोड पाण्याखाली!" (त्याला नेमोर कशाला लागतो, जुलै महिना पुरे.) पण त्याला मी विचारतो, ती लाट आली तर पहिला बुडणार कोण? खाडीकाठचा कोळीवाडाच ना? कारखान्याचा मालक कुठल्यातरी टॉवरच्या चाळिसाव्या मजल्यावर सुखरूप असेल.

नेमोरची खरी गंमत हीच आहे. राग खरा आणि लाट आंधळी. चांगल्या लेखकांना हे कळतं, म्हणून त्याच्या गोष्टी वाचताना आपण एका पानावर त्याच्या बाजूने असतो आणि पुढच्या पानावर नसतो. २०१२मध्ये त्याने ब्लॅक पँथरचं राज्य, वाकांडा, बुडवलं. आणि त्यानंतर तो नि ब्लॅक पँथर एकाच गुप्त मंडळात समोरासमोर बसतात! दोन विश्वं एकमेकांवर आदळणार, आपलं वाचवायचं तर समोरची अख्खी पृथ्वी उडवायची. जोनाथन हिकमनने रचलेला हा पेच. बाकीचे थोर वीर बॉम्ब तयार करून ठेवतात, पण कळ दाबायची वेळ आल्यावर कुणाचाच हात उठत नाही. नेमोर दाबतो. मग सगळे त्याला राक्षस ठरवतात, आणि त्याच्यामुळेच जिवंत राहतात. ॲक्वामॅनकडे या तोडीचा प्रसंग नाही, हे डीसीवाल्यांनी आता मुकाट मान्य करावं.

मग ॲक्वामॅन आधी का घ्यायचा? कारण वर सांगितलेले नेमोरचे बहुतेक प्रसंग नेमोरच्या पुस्तकात नाहीतच. ते मार्व्हलच्याच इतर वीरांच्या, म्हणजे फँटास्टिक फोरच्या, एक्स-मेनच्या, ॲव्हेंजर्सच्या पुस्तकांत आहेत. तो दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून आला की भांडण रंगतं, त्याच्या स्वतःच्या घरात मात्र लेखकांना त्याचं काय करायचं ते सुचत नाही. १९६८ ते १९७४ अशी त्याची मासिक मालिका चालली. तिच्यातली जॉन बुसेमाची चित्रं सुरेख आहेत, पण संवाद आज जड जातात. १९९०मध्ये जॉन बर्नने त्याला कंपनी विकत घेऊन समुद्र वाचवणारा उद्योगपती केलं आणि त्याच्या रागाचं खापर रक्तातल्या ऑक्सिजनच्या बिघाडावर फोडलं. पहिली कल्पना झकास, दुसरी मला पटत नाही. ज्याचं शहर दोनदा उद्ध्वस्त झालं त्याला चिडायला वैद्यकीय कारण लागत नाही.

ॲक्वामॅनकडे उलट घर आहे. बायको आहे, मेरा, १९६३मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी लग्न. सावत्र भाऊ सिंहासनावर डोळा ठेवून. ब्लॅक मँटासारखा वैरी, ज्याने १९७७मध्ये त्याचं तान्हं मूल मारलं. लहान मुलांचं म्हणून हिणवलेल्या पात्राच्या वाट्याला हे आलं, ते वाचून मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं. राज्य, संसार, दोन्ही बाजूंना 'आपला नव्हे' असं ऐकून घेणं, एवढं भांडवल असल्यावर मालिका चालते.

त्याच्यावरच्या विनोदांचं मूळ १९७३च्या टीव्ही कार्टूनमध्ये आहे. तिथे तो माशांना हाका मारण्यापलीकडे फारसं काही करताना दिसत नसे. त्यात जुन्या कॉमिक्समधली अट: तासाभरात पाणी लागलं नाही तर खेळ खलास. म्हणजे ठाण्याहून स्लो लोकल पकडली तर सीएसएमटीला उतरेपर्यंत याचा जीव टांगणीला. पीटर डेव्हिडने १९९४मध्ये पिऱ्हाना माशांकरवी त्याचा हात खाववला आणि त्या जागी हूक बसवला, ते या चेष्टेला दिलेलं उत्तरच होतं. दाढी, लांब केस तेव्हाचेच. जेसन मोमोआचा २०१८च्या सिनेमातला अवतार आवडला असेल तर हा काळ चाळून बघा, मात्र मधले काही अंक फारच पसरट आहेत.

सुरुवात करायची ती २०११च्या अंकांपासून. लेखक जेफ जॉन्स, चित्रकार इव्हान रीस. मागचं काहीच माहीत असावं लागत नाही. पहिल्याच अंकात तो मासे मिळणाऱ्या हॉटेलात जाऊन फिश अँड चिप्स मागवतो आणि आजूबाजूचे हबकतात, माशांशी बोलणारा मासे कसा खातो? तो शांतपणे सांगतो की मी माशांशी बोलत नाही, त्यांच्या मेंदूत गप्पा मारण्याइतकं काही नसतं, मी फक्त त्यांना ढकलतो. हा प्रसंग आमच्या कोळी मित्राच्या आईला सांगितला तर मावशींना त्यात विनोदच दिसेना. "समुद्रातला माणूस मासे नाय खाणार तर काय वरणभात खाणार?" पुढे खोल दरीतून भुकेलेली टोळी वर येते आणि तिला मारायचं की जगू द्यायचं हे याला ठरवावं लागतं. इथे तो नेमोरच्या सगळ्यात जवळ जातो, फरक इतकाच की हा नंतर त्यावर झुरतो.

सिनेमावरून ठरवणार असाल तर सावध. २०२२च्या 'ब्लॅक पँथर: वाकांडा फॉरएव्हर' या सिनेमातला नेमोर मला कॉमिकपेक्षाही आवडला. त्याचं राज्य अटलांटिस नसून मेक्सिकोच्या जुन्या संस्कृतीतून आलेलं तालोकान आहे, आणि राग स्पॅनिश आक्रमकांपासूनचा. पण तो नेमोर जुन्या कॉमिक्समध्ये शोधायला गेलात तर सापडणार नाही. ॲक्वामॅनबाबत ही अडचण कमी, त्याच्या सिनेमाने २०११च्या अंकांतूनच बरंच उचललं आहे.

घरात दहा-बारा वर्षांचं पोर तेच पुस्तक वाचणार असेल तर हात आणि बाळ हे दोन्ही प्रसंग असलेले खंड थोडे वर ठेवा. हिकमनचे तर त्याहून वरच्या फळीवर. आणि नेमोरच घ्यायचा असं मनाने ठरलंच असेल, तर त्याच्या नावाचा जाडजूड ग्रंथ नको. फँटास्टिक फोरचा १९६२चा चौथा अंक ज्यात आहे ते कुठलंही कलेक्शन घ्या. डीसीवाला मित्र असेल तर जॉन्सचा खंड त्याच्याकडून उसना आणा, आमच्यात तो हातोहात फिरतो.