मंडईतल्या मावशी आधी विचारतात, ‘खायचंय कधी?’

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आईचं जेवण तुटलं. वय ८१, खालची कवळी बोचते म्हणून डबीत काढून ठेवलेली, त्यात पिंपरीचा उन्हाळा. दुधात कुस्करलेली भाकरीसुद्धा दोन घासांपुढे जाईना. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, काळजीचं काही नाही, पण पोटात पाणी आणि फळं जाऊ द्या. तिला साखरेचा त्रास नाही, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. त्या दिवसापासून रोज दुपारी चार वाजता मी तिला वाटीभर फळांचं सॅलड देते. आज सहा आठवडे झाले. आता साडेतीन वाजले की ती स्वतःच घड्याळाकडे बघायला लागते.

या सहा आठवड्यांत मी फळं वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून पाहिली आणि शेवटी पुण्याच्या महात्मा फुले मंडईवर स्थिरावले. हे लिहिते आहे ते तिथल्या फळांच्या गाळ्यांबद्दल. सॅलड त्यात ओघाने येईल, कारण ते निम्मं तिथेच तयार होतं असं माझं ठाम मत झालं आहे.

सुरुवात केली होती फोनवरून मागवण्यापासून. कापलेल्या फळांचा डबा पंधरा मिनिटांत दारात आला. उघडला तर तळाशी कलिंगडाचं पाणी साचलेलं, पपई पांढरट आणि करकरीत, अननसाच्या फोडीलाही कलिंगडाचाच वास. आईने एक तुकडा हिरड्यांवर फिरवला आणि हळूच वाटीत परत ठेवला. मग अख्खी फळं मागवली. एक डझन हापूस आला, बाराच्या बारा दगडासारखे. चार दिवस काहीच नाही, आणि शनिवारी सकाळी बघते तर सगळे एकदम पिकलेले! दोघींच्या घरात बारा आंबे दोन दिवसांत कसे संपवायचे? तीन फेकावे लागले. आंबा वाईट नव्हता, वासही छान होता. पण आमच्या घरात खाणारी माणसं किती आणि ती कधी खाणार, हे पाठवणाऱ्याला कळायला काही वाटच नव्हती.

पुढच्या सोमवारी सकाळी मंडई गाठली. आमच्या संत तुकारामनगर स्थानकावरून मेट्रोत बसलं की थेट मंडईत उतरता येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये हा टप्पा सुरू झाला नसता, तर भरलेल्या पिशव्या घेऊन मी हे दर आठवड्याला केलंच नसतं. वर आलं की ती काळ्या दगडाची इमारत आणि अष्टकोनी मनोरा समोर. बांधली तेव्हा, म्हणजे १८८६ साली, गव्हर्नरच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. मी मंडईतून आले की ती दर वेळी सांगते, “जोतीराव नगरपालिकेत होते ना, तेव्हा त्यांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर घाला म्हणाले होते.” सहा आठवड्यांत सहा वेळा ऐकलं. तिचा आवाज त्या वाक्याला जसा लागतो तसा एप्रिलमध्ये लागत नव्हता, म्हणून मी दर वेळी पूर्ण ऐकते.

मी ज्या गाळ्यावर जाते तिथे साधारण साठीच्या एक मावशी बसतात. पहिल्या दिवशी मी म्हटलं, “एक डझन हापूस द्या, चांगले बघून.”

त्यांनी हात लावायच्या आधी विचारलं, “ताई, खायचंय कधी?”

मी म्हटलं, रोज थोडं थोडं, आईसाठी, सॅलडमध्ये.

“आई किती वर्षांच्या? दात आहेत का?”

मग त्यांनी डझन लावला. चार आंबे पूर्ण पिकलेले, देठाशी किंचित सुरकुतलेले. चार पिवळे पण बोटाला अजून ताठ. चार नुसते पाड लागलेले, खांद्याजवळ हिरवे. तीन कागदी पिशव्या केल्या आणि म्हणाल्या, “ही आज-उद्या, ही गुरुवारी, ही रविवारच्या पुढं. हिरवे फ्रीजमध्ये घालू नका, आत घट्ट राहतात. तांदळाच्या डब्यात ठेवा.” डझनाचे ८०० रुपये घेतले. घराजवळ त्या दिवशी साडेसहाशेला मिळत होते. दीडशे रुपये जास्त गेले, पण एकही आंबा वाया गेला नाही.

याच्यामागे साधं कारण आहे. आंबा, केळं, पपई, चिकू ही फळं झाडावरून उतरवल्यावरही पिकत राहतात, त्यामुळे त्यांच्यात आजचं आणि परवाचं असा भेद करता येतो. अननसाचं तसं नाही. तो तोडला की गोडी तिथेच थांबते. घरी ठेवून पिवळा होईल, मऊ होईल, गोड होणार नाही. म्हणून अननस विकत घेतानाच पिकलेला हवा. मावशी तो उलटा धरतात आणि बुडाचा वास घ्यायला लावतात. मध्यभागाचं पान ओढून बघायची माझी सवय त्यांनी पहिल्याच दिवशी मोडली. “पान कशालाही निघतं. वास खोटं बोलत नाही.” बुडाला गोड वास आला तर घ्यायचा, आंबूस आला तर उतरलेला, काहीच वास आला नाही तर कच्चा. त्यांच्याकडे केरळचा येतो, ऐंशी रुपयांना मध्यम आकाराचा. सोलून मागितला तर डोळे सरळ न कापता तिरक्या चरींमध्ये काढतात. गर फार कमी जातो. मी घरी तसं करायला बघते तेव्हा अजून निम्मा अननस सालीबरोबर जातो.

चिकू मात्र मी त्यांच्याकडून घेत नाही. दोन गाळे सोडून एक दादा बसतात, त्यांच्याकडे डहाणू-घोलवडचे असतात. चिकूच्या सालीवरची भुरकी अंगठ्याने खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर तो घरी नेऊनही नीट होत नाही, तोंडात चीक लागतो आणि घसा आवळतो. खाली पिवळसर तपकिरी दिसला तर उत्तम. दादा स्वतः खरवडून दाखवतात आणि हिरवा निघाला तर बाजूला टाकतात. गिऱ्हाईकाने दाबून बघितलेलं मात्र त्यांना चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. पपई, वेलची केळी, लिंबं, पुदिना काय, कुठेही चांगलं मिळतं. शहाळं बाहेरून घ्यावं आणि फोडणाऱ्याला ‘मलईवालं’ असं स्पष्ट सांगावं.

ड्रॅगन फ्रूट घ्या म्हणून आग्रह होतो. रंग सुरेख, पण आंबा आणि अननसाशेजारी त्याची चव कुठेच लागत नाही. किवी आणि सफरचंद मी या सॅलडमध्ये घालत नाही. सफरचंद आईला चाववत नाही, आणि या उन्हात आपली फळं एवढी असताना ती दोन्ही मला परकी वाटतात.

आता वाटीबद्दल. आमच्याकडे फ्रूट सॅलड म्हटलं की लग्नातलं कस्टर्ड. आईलाही पहिल्यांदा तेच हवं होतं. मी कस्टर्ड केलं, त्यात ताजा अननस घातला, फ्रीजमध्ये ठेवलं. चार वाजता कडू झालेलं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं पाचक द्रव्य असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. अननस आधी पाकात शिजवला तर हे होत नाही, पण मग ताजेपणा गेला. तेव्हापासून दूध बंद. त्याऐवजी शहाळ्याचं पाणी, आणि दुधाचा मऊपणा हवा तर शहाळ्याची मलई. याहून चांगली जोडी मला सापडलेली नाही.

माझा क्रम असा. अननसाच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडी, धाग्याला आडव्या कापलेल्या, दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात; त्याने जिभेला चरचरत नाही. मधला कडक दांडा काढून टाकते. मग पपई, तिच्यावर लगेच अर्ध्या लिंबाचा रस, कारण लिंबाशिवाय पपईचा तो उग्र वास आईला सोसत नाही. हापूस चौकोनी तुकड्यांत. पायरी आणून पाहिली, पण ती रसाची. फोडी करायला गेलं की सुरीखाली विरघळते. शहाळ्याची मलई हाताने फाडून. पाव चमचा आल्याचा रस, पुदिन्याची चार पानं. वर अर्धी वाटी शहाळ्याचं पाणी, आणि तासभर फ्रीजमध्ये. चिकू आणि केळं वाढायच्या पाच मिनिटं आधी, कारण केळं काळं पडतं आणि चिकू सगळ्याला तपकिरी रंग देतो. चिमूटभर सैंधव अगदी शेवटी. आधी घातलं तर फळं पाणी सोडतात आणि त्या पहिल्या डब्यासारखी गत होते. साखर नाही, मधही नाही. फळ बरोबर पिकलेलं असेल तर दोन्हीची गरज पडत नाही, आणि फळ बरोबर पिकलेलं मिळणं हे सगळं त्या एका प्रश्नावर येऊन थांबतं.

जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत जावं. माल नुकता लावलेला असतो आणि विकणाऱ्यांना बोलायला सवड असते. रविवारी गर्दीत हे असं निवडून घेणं होत नाही. आठवड्याची फळं पाच-सहा किलो होतात, ती दोन पिशव्यांत सारखी वाटावी, पपई सगळ्यात वर. पैसे फोनवरून घेतात. आमचा आठवड्याचा खर्च आंब्यासकट बाराशे ते चौदाशे रुपये येतो. कमी नाही, पण आईचं वजन एप्रिलच्या शेवटी होतं त्यापेक्षा दीड किलोने वाढलं आहे.

गेल्या सोमवारी गेले तेव्हा मावशींनी विचारलं, “आईंनी काल किती खाल्लं?” मी सांगितलं, वाटी संपवली आणि तळाचं पाणी तोंडाला लावून प्यायली. त्यांनी एक पपई उचलली, बघितली, खाली ठेवली, दुसरी उचलली. मी म्हटलं, आज हवी आहे. “आज सकाळी का आज चारला?” मी म्हटलं, चारला. मग त्यांनी पहिलीच परत उचलून पिशवीत घातली.