आजोबांचा मर्फी परत बोलायला लागला: सांगलीतल्या रेडिओ दुरुस्तीचा अनुभव

पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली लिहिलंय. पण त्याआधी, ज्यांच्या घरी माळ्यावर जुना व्हॉल्व्हचा (आत बल्बासारख्या काचेच्या नळ्या असलेला) रेडिओ पडलाय त्यांनी एवढं ऐका, बघू चालतोय का म्हणून त्याची पिन डायरेक्ट बोर्डात घालू नका. आतले कंडेन्सर वर्षानुवर्षं वाळलेले असतात, एकदम 230 व्होल्ट बसले की फुटतात नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि मग तो रेडिओ कायमचा गेला. हे मला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या पहिला प्रश्न हाच, "घरी लावून बघितलासा का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग होतंय काम, ठेवा की."

दुकान हरभट रोडच्या मागच्या बोळात आहे, बोर्ड नाही, दाराशी उघडे टेपरेकॉर्डर रचलेले दिसले की तेच. चारचाकी आत जात नाही, मारुती चौकात कुठंतरी लावून चालत जा.

आमचा रेडिओ मर्फीचा, लाकडी कॅबिनेट, पुढं जाळीचं कापड, खाली चार पांढरी बटणं. सांगली आकाशवाणी 1963 ला सुरू झालं आणि गावात स्टेशन आलं म्हटल्यावर आजोबांनी पुढच्या दिवाळीला तो घेतला, असं आई सांगते. मी जन्मलो तेव्हा तो घरातला जुना माणूस होता. त्याचं लायसन असायचं, दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तकात तिकीट मारून आणायचं, आजोबा ते पुस्तक रेशनकार्डाबरोबर कपाटात ठेवायचे. आमच्या पोरांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही, रेडिओ ऐकायला लायसन.

सकाळी पहिली आज्जी उठायची. ती बटण दाबून सरळ स्वयंपाकघरात जायची कारण व्हॉल्व्हचा रेडिओ लगेच बोलत नाही, आतली फिलामेंट तापायला वेळ लागतो. आधी काचेमागं पिवळा उजेड यायचा, मग तापलेल्या धुळीचा एक वास, मग बारीक हूं असा आवाज आणि मग कुठून तरी लांबून आल्यासारखा माणसाचा आवाज जवळ जवळ येत मोठा व्हायचा. मी आणि धाकटा भाऊ अंथरुणात पडल्या पडल्या आकडे मोजायचो, किती अंकाला आवाज येतो यावर पैज, हरला त्यानं बंबात जळण घालायचं. पाच पंचावन्नची ती आकाशवाणीची धून लागली की बाहेर अजून अंधार असायचा. सहा पंचावन्नला "इयम् आकाशवाणी" आलं की मात्र उठावंच लागायचं, संस्कृत बातम्या आमच्याकडं कुणालाच कळत नव्हत्या पण त्या संपेपर्यंत तोंड धुवून चहाला बसलं पाहिजे असा नियमच होता.

संध्याकाळी रेडिओ आजोबांचा. हळद आणि गुळाचे बाजारभाव लागले की घरात कुणी बोलायचं नाही, आमची स्वतःची शेती कधीच गेली होती तरी आजोबा भाव मन लावून ऐकायचे. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती ते. 1983 च्या वर्ल्डकपच्या फायनलला समोरच्या वाड्यातली माणसंसुद्धा आमच्या सोप्यात येऊन बसलेली, आपण 183 वर ऑलआऊट झाल्यावर अर्धे उठून गेले, आजोबा हलले नाहीत. रात्री उशिरा जिंकल्यावर गेलेले सगळे परत आले आणि आज्जीनं एवढ्या रात्री सगळ्यांना लसणाचं भडंग आणि चहा दिला. ते भडंग मला त्या मॅचपेक्षा जास्त आठवतं.

पुढं टीव्ही आला. 1987 ला रविवारी सकाळी रामायण लागायला लागलं आणि रेडिओ आधी कोपऱ्यात, मग आतल्या खोलीत, मग वरच्या मजल्यावर माळ्यावर गेला. तिथं गेला म्हणूनच वाचला खरं तर. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात आयर्विनची पातळी 57 फुटांच्या वर गेली, धोक्याची 45, आमचा गावभागातला खालचा मजला पाण्यात होता. फोटोंचे अल्बम गेले, आज्जीची पोथी गेली. माळ्यावरचं सगळं कोरडं राहिलं.

मिस्त्रींकडं जायच्या आधी मी एका दुसऱ्या दुकानात गेलो होतो, नाव लिहीत नाही. ते म्हणाले आतलं सगळं काढून ब्लूटूथचा बोर्ड बसवतो, बाहेरनं सेम दिसेल, दोन तासांत घेऊन जा. दोन हजार सांगितले. शोकेसमध्ये ठेवायचा असेल तर ठीक असेल, पण मला तो हूं आवाज पाहिजे होता हो. उचलून परत आणला.

मिस्त्रींनी काय केलं ते नीट लिहितो कारण यातच त्यांचं काम कळतं. आधी सिरीज बल्ब लावून रेडिओला हळूहळू करंट दिला. म्हणजे मधे साधा पिवळा बल्ब, आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो आणि रेडिओ वाचतो. फिल्टरचे कंडेन्सर बदलले, त्याशिवाय घरघर जात नाही म्हणाले. डायलचा काटा फिरवणारा दोरा तुटला होता तो नवीन ओवला, बँडच्या स्विचवरचा काळा थर साफ केला. पाच व्हॉल्व्हपैकी चार आजोबांच्या वेळचेच चालू आहेत, फक्त आऊटपुटचा, म्हणजे स्पीकरला आवाज देणारा, ईएल 84 बदलावा लागला. स्पीकरचा कागद फाटलेला होता, मला वाटलं नवीन स्पीकर टाकतील, तर त्यांनी पातळ कागद आणि गोंद लावून तोच बसवला, "नवा घातला की आवाज बदलतोय, मग तुमचा रेडिओ कुठं राहिला?" म्हणाले. समोरचा हिरवा डोळा, स्टेशन नीट लागलं की मिटायचा तो, आता फार फिका दिसतो. तो बदलायला मिळत नाही हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. कॅबिनेटवर मात्र पॉलिश करू दिलं नाही मी, डाव्या बाजूला भावानं कर्कटकनं कोरलेलं 'अ' आहे.

आणि एक गोष्ट मला माहीतच नव्हती. मागच्या बाजूला ग्रामोफोनची पिन लावायची दोन भोकं असतात, त्यातनंच त्यांनी एक वायर काढून दिली. आता मोबाईल जोडला की गाणी त्याच व्हॉल्व्हमधनं, त्याच स्पीकरमधनं येतात, एकही भोक न पाडता. मिडियम वेव्हला दिवसा खरखर फार आहे, त्याला रेडिओ काय करणार, घरातले एलईडी दिवे आणि चार्जर सगळे त्यात बोलतात. रात्री ते बंद करून बसलं की लांबची लांबची स्टेशनं लागतात.

बिल 3,200 झालं. पैसे रोखच लागतात. पावती मिळाली नाही, मागितल्यावर वहीच्या कागदावर काय काय बदललं ते लिहून दिलं. आणि पंधरा दिवस सांगून सव्वादोन महिने लावले, त्यात चार चकरा फुकट, फोन उचलत नाहीत. अर्धा त्याचा कापला. परगावाहून येणाऱ्यांनी हे धरून चाला.

आणला त्या दिवशी आईला पुढं बसवलं. तिला आता कमी ऐकू येतं. बटण दाबलं, पिवळा उजेड आला, आणि मी काही सांगायच्या आधी ती बोटांवर मोजायला लागली. मला वाटायचं हा खेळ फक्त आम्हा दोघा भावांचा. ती चुलीपाशी बसून रोज मोजत होती म्हणे, सव्वीसला आवाज यायचा. आता एकतीसला येतो.

दुकान सकाळी अकराला उघडतं, गुरुवारी बंद. रेडिओ नेताना रिक्षात मांडीवर घेऊन बसा, डिकीत टाकू नका, व्हॉल्व्ह काचेचे असतात.