कोड एकही नाही, तरी दोष सापडला: ब्लूटूथ ओबीडी स्कॅनरचा अनुभव

माझी ऑटोमॅटिक गाडी हायवेवर ८० ते ९० च्या वेगात, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलका असताना थरथरायची. दोन-तीन सेकंद थरथर, मग शांत, पुन्हा तेच. शेजारी बसलेले बाबा म्हणायचे, "अगं, सरळ रस्त्यावर रम्बल स्ट्रिप कुठून आल्या?"

गॅरेजमध्ये दोनदा बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झाली, पुढचे टायर मागे गेले. काही फरक नाही. चारही टायर बदला, असं सांगितल्यावर मी गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा हा अंगठ्याएवढा ओबीडी स्कॅनर मागवला. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये तो बसतो आणि आकडे फोनवर दिसतात.

लावला, तर एकही कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) नाही. मन खट्टू झालं. मिसफायरची, म्हणजे इंजिनात इंधन नीट न पेटण्याची, मोजणीही शून्य होती, म्हणून स्पार्क प्लग-कॉइलवरचा संशय तरी बराच कमी झाला. खरा उपयोग झाला तो लाइव्ह ग्राफचा. रिकाम्या रस्त्यावर मी वेग ८५ ला धरला, फोन बाबांच्या हातात. (चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचंच नाही.) थरथर सुरू झाली की वेगाची रेघ सरळ, आरपीएमची (इंजिनच्या फेऱ्यांची) मात्र वरखाली. अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श केला. आरपीएम थोडा चढला आणि थरथर तत्क्षणी थांबली. तीनदा केलं, तीनदा तेच.

चाकाचा बॅलन्स गेला असता तर पाय कुठेही असो, त्या वेगाला हादरे येतच राहिले असते. इथे ब्रेकच्या स्पर्शाने टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागाचा) लॉक-अप क्लच सुटत होता. एकसारख्या वेगात हा क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो. ऑइल खराब झालं की तो नीट पकडत नाही, धरतो-सोडतो. बाबांची रम्बल स्ट्रिप ती हीच.

ग्राफचा स्क्रीनशॉट दाखवल्यावर दुसऱ्या गॅरेजने मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं गिअरबॉक्स ऑइल भरलं. एका वेळी सगळं जुनं ऑइल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं, म्हणून काही दिवसांनी पुन्हा बदललं. पहिल्या वेळी थरथर निम्म्यावर आली, दुसऱ्यानंतर गेली. क्लचच झिजला असता तर ऑइलने भागलं नसतं, हेही त्यांनी आधीच सांगितलं होतं.

उणिवा आहेत. एकदम आठ-दहा आकडे लावले की ग्राफ अडखळतो. मी फक्त वेग आणि आरपीएम ठेवले. गिअरबॉक्स ऑइलचं तापमान माझ्या गाडीत दिसलंच नाही, ते कंपनीच्या स्वतःच्या खास डेटामध्ये असतं. गाडी उभी असताना काढून ठेवा, बॅटरी खातो. आणि सॉकेटमधून इतका बाहेर येतो की उतरताना गुडघा लागतो.

पाचपैकी चार.