गिअरचं व्हील की डायरेक्ट ड्राइव्ह? शून्यापाशी काय होतं ते बघा

संगणकावरच्या कार-रेसिंगसाठी नवं व्हील घ्यायचं म्हटलं की तुलना हटकून न्यूटन-मीटरवर, म्हणजे रिम फिरवणाऱ्या पिळाच्या जोरावर, येऊन थांबते. लॉजिटेकचं गिअरचं जी२९ सव्वादोनच्या आसपास; डायरेक्ट ड्राइव्हमध्ये, म्हणजे रिम थेट मोटरवर बसते त्यात, फॅनाटेकचं सीएसएल डीडी ५, मोझा आर५ साडेपाच. हे आकडे खोटे नाहीत. पण ५ न्यूटन-मीटर म्हणजे ३० सेंटिमीटरच्या रिमवर, परिघापाशी, जेमतेम ३३ न्यूटन, साधारण साडेतीन किलोचा ओढा. जी२९च्या लहान रिमवर तोच पावणेदोन किलोच्या आतबाहेर भरतो. हाताला फरक कळतो, पण आठवड्याभरात त्याची सवयही होते. ज्याची सवय होत नाही ती गोष्ट वेगळीच आहे, आणि माझा कल तिच्यामुळे ठरला.

असेटो कोर्सा, आयरेसिंग किंवा आरफॅक्टर २ यांसारख्या सिम्युलेटरमध्ये व्हीलवर येणारं बल मुळात पुढच्या टायरांच्या गणितातून निघतं. टायर वळणात तिरका चालतो तेव्हा त्याला पुन्हा प्रवासाच्या दिशेला लागायचं असतं. ती ओढ सस्पेन्शन आणि स्टीअरिंग रॅकमधून आपल्या हातापर्यंत येते. मेख अशी, की टायरचा हा तिरकेपणा, म्हणजे स्लिप अँगल, वाढत जातो तशी ही ओढ आधी वाढते आणि टायरची पकड शिखरावर पोचण्याच्या थोडं आधीच कमी व्हायला लागते. स्टीअरिंग हलकं झालं की पकड संपली असं बरेच जण समजतात. खरं तर ती संपत आल्याची आगाऊ सूचना असते. दोन्ही प्रकारची व्हील्स ही सूचना देतात. गिअरचं व्हील जाडसर देतं, डायरेक्ट ड्राइव्ह बारीक. इथवर निवडीत फारसं अडण्यासारखं काही नाही.

अडतं ते मागचे टायर सुटल्यावर.

असेटो कोर्सात बीएमडब्ल्यूची जुनी ई३० एम३ घ्या आणि ब्रँड्स हॅचच्या ड्रुइड्समधून बाहेर पडताना थ्रॉटल जरा लवकर दाबा. उजवं वळण, पुढे उतार. मागचा भाग बाहेर जायला लागला की पुढचे टायर आपणहून गाडीच्या प्रवासाच्या दिशेला लागू पाहतात आणि व्हील तुमच्या हातातून डावीकडे फिरायला लागतं. ते फिरू द्यायचं, फक्त कुठे थांबवायचं ते कळायला हवं. पुढचे टायर प्रवासाच्या दिशेला जवळपास लागले की ओढ शून्यावर येते. त्यापुढे गेलात तर ती उलट बाजूने चढायला लागते. म्हणजे काउंटरस्टीअर (वळणाच्या उलट दिशेला व्हील) किती द्यायचं याचं उत्तर त्या शून्याच्या आसपासच असतं, आणि हात तेच चाचपत असतो.

आता गिअर. दोन दात्यांमध्ये फट ठेवावीच लागते, नाहीतर ते अडकतील. तिरक्या दात्यांच्या गिअरने खडखड कमी होते, फट जात नाही. बल एका दिशेचं असतं तोवर दाते एका बाजूला टेकलेले असतात आणि सगळं छान चालतं. बलाची दिशा बदलली की दाते एक बाजू सोडून दुसरीकडे जाऊन आदळतात. मधल्या क्षणात मोटर आणि रिम यांच्यात काहीच जोडलेलं नसतं. त्यात यंत्रणेचं घर्षण. लहान सिग्नल त्या घर्षणातच जिरतो. म्हणजे मुका पट्टा नेमका शून्याभोवती, आणि घसरताना तुम्हाला माहिती हवी असते तीही शून्याभोवतीच. व्हील सरळ असताना मध्ये जो ढिलेपणा जाणवतो त्याबद्दल सगळे बोलतात, पण तो त्यातल्या त्यात निरुपद्रवी. शून्य बल व्हीलच्या कुठल्याही कोनात येऊ शकतं. ड्रुइड्सच्या बाहेर ते डावीकडे वळवलेल्या व्हीलवर येतं. तिथे आवाज येतो ‘कट्’, आणि तो कानाला ऐकू येईस्तोवर गाडी दुसऱ्या बाजूला झोपायला निघालेली असते. पहिली घसरण सावरली आणि दुसरीत गाडी फिरली, असं वारंवार होत असेल तर दोष नेहमी हातांचा नसतो.

याच्या जोडीला जडत्व. गिअरच्या व्हीलमध्ये लहान मोटर बरेच वेढे फिरून रिमला एक वेढा देते. मोटरचं जडत्व रिमवर गुणोत्तराच्या वर्गाने येतं. गुणोत्तर १० असेल तर १०० पट. म्हणून ड्रिफ्टमध्ये हात सोडले तरी गिअरचं व्हील आळसावल्यासारखं परत फिरतं. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये रिम थेट मोटरच्या शाफ्टवर बसते, मध्ये दाते नाहीत, गुणोत्तर नाही. ५ न्यूटन-मीटरचा साधा बेसही (रिमखालचा मोटरचा डबा) इथे पुढे निघून जातो.

गिअरच्या व्हीलवर उपाय नाहीत असं नाही, आणि ते केल्याशिवाय व्हील बदलायला निघू नये. असेटो कोर्सात मिनिमम फोर्स नावाची पट्टी आहे. ती लहान सिग्नलला वर उचलून घर्षणाच्या पार नेते. ५ टक्क्यांपासून सुरू करा आणि एकेक टक्का वाढवत जा. सरळ रस्त्यावर व्हील आपणहून डावी-उजवीकडे थरथरायला लागलं की दोन टक्के मागे या. बहुतेक जण हे मागे येणं विसरतात आणि मग व्हील खडखडतं म्हणून तक्रार करतात.

याहून नेटका उपाय म्हणजे एलयूटी (लुकअप टेबल), म्हणजे खेळाच्या कुठल्या सिग्नलला व्हीलकडे किती सिग्नल पाठवायचा याचा तक्ता. व्हीलच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमधली ताकद खेळताना जेवढी ठेवणार तेवढीच ठेवा, सेंटरिंग स्प्रिंग बंद करा, रिमवरून हात काढा आणि व्हीलचेक नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये स्टेप लॉग २ ही चाचणी चालवा. ती थोडा थोडा सिग्नल वाढवत व्हील किती हललं ते टिपते. निघालेली सीएसव्ही फाइल एलयूटी जनरेटरमध्ये टाकायची, मिळालेल्या दोन फाइली डॉक्युमेंट्समधल्या असेटो कोर्साच्या सीएफजी फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि मिनिमम फोर्स शून्यावर आणायचा. हा शेवटचा भाग राहिला तर तीच दुरुस्ती दोनदा लागते आणि व्हील मध्यापाशी थयथयाट करतं. एलयूटीने घर्षणातला मुका भाग बऱ्यापैकी बोलका होतो. दात्यांमधली फट मात्र तशीच राहते. सॉफ्टवेअरने धातू-प्लास्टिक जवळ येत नाही.

दुसरीकडे, डायरेक्ट ड्राइव्ह घेतला की सगळं सुटलं असंही समजू नका. त्याची पहिली खोड म्हणजे सरळ रस्त्यावर हात सैल सोडले की रिम डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते आणि झोके वाढत जातात. गिअरच्या व्हीलमध्ये घर्षणच हे दाबून टाकत असतं. इथे ते नाही, आणि खेळ, ड्रायव्हर, मोटर या साखळीत थोडा उशीर असतोच. बेसच्या ड्रायव्हरमध्ये डॅम्पिंग (रिमच्या हालचालीला विरोध) थोडं द्या, ५ ते १० टक्के. झोके पूर्ण थांबेपर्यंत देत बसू नका, कारण तेच डॅम्पिंग वर सांगितलेली बारीक माहितीही खातं. वेगात हात रिमवर असतातच, तेवढ्याने झोके थांबत असतील तर पुरे.

दुसरी गोष्ट क्लिपिंगची. ताकद जास्त म्हणून क्लिपिंग नाही, हा गैरसमज. खेळाकडून येणारा सिग्नल १०० टक्क्यांच्या वर गेला की वरचा भाग सपाट कापला जातो, व्हील कुठलंही असो. असेटो कोर्सातलं पेडल्स नावाचं छोटं अॅप उघडा. त्यातली फोर्स फीडबॅकची पट्टी लाल झाली की क्लिपिंग होतंय. वेगवान लांब वळणात ती सतत लाल असेल तर गेन (सिग्नल किती मोठा करायचा तो आकडा) कमी करा, खेळातला. ड्रायव्हरमधली ताकद कमी करून हे सुटत नाही; तिथे फक्त कापलेला सिग्नल मवाळ होऊन हातात येतो. न्यूमपॅडवरच्या अधिक-उणे बटणांनी हेच प्रत्येक गाडीसाठी वेगळं बसवता येतं. आयरेसिंगमध्ये काही स्वच्छ लॅप मारून एफ९च्या चौकटीतलं ऑटो दाबलं तर तो त्या गाडी-ट्रॅकसाठी आकडा स्वतः काढून देतो, आणि तो सहसा ठीक असतो. गिअरच्या व्हीलवर मात्र क्लिपिंग टाळायला गेन उतरवला की लहान सिग्नल आणखी लहान होतात आणि परत त्या मुक्या पट्ट्यात जाऊन पडतात. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं. डायरेक्ट ड्राइव्हवर गेन निवांत खाली घेता येतो.

तिसरी, बैठक. ५ न्यूटन-मीटर जाड टेबलाला क्लॅम्पने बांधून चालतो, पण टेबलाची फळी लवत असेल तर कर्बवरचा (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरचा) धक्का फळीच पिते आणि मॉनिटर हलतो. ८ न्यूटन-मीटरच्या वर गेलात तर पक्का स्टँड किंवा रिग हवीच. आणि अंगठे रिमच्या आत अडकवून धरायची सवय आधी सोडा. भिंतीला धडकताना रिम झटकन फिरते, आणि स्पोक अंगठ्यावर बसला की ५ न्यूटन-मीटरही पुरेसे वाटतात.

गिअरचं व्हील पुरतं अशी जागाही आहे, आणि ती लहान नाही. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेसारख्या जीटी३ या रेसिंग गाड्यांच्या खेळात डाउनफोर्स (गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर) असतो, लांब वळणं असतात, बल बराच वेळ एकाच बाजूला राहतं. दाते टेकलेलेच राहतात, फट फक्त शिकेनमध्ये (लागोपाठच्या उलटसुलट वळणांत) आणि दिशा बदलताना जाणवते. घसरू न देणं हीच तिथली शैली, त्यात ट्रॅक्शन कंट्रोल मदतीला. तुम्ही एवढंच खेळणार असाल आणि पेडल साधे असतील, तर लॅप टाइमसाठी आधी लोड सेलचा, म्हणजे पायाचा दाब मोजणारा, ब्रेक घेणं अधिक फायद्याचं ठरावं. जुन्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या, रॅली, ड्रिफ्ट, कमी पकडीचे टायर यांत मात्र बल सारखं शून्याच्या आरपार जात असतं, आणि तिथे गिअरचं व्हील मला तरी अर्धवट बोलणाऱ्या माणसासारखं वाटतं.

मधला मार्ग पट्ट्याच्या व्हीलचा, थ्रस्टमास्टर टी३०० वगैरे. दात्यांची फट नाही, कर्बवर खडखड नाही. पट्टा मात्र बारीक थरथर गिळतो आणि सगळं थोडं रबरी लागतं. चांगल्या अवस्थेतलं वापरलेलं मिळालं तर नाही म्हणू नये. नवं घ्यायचं तर लहान डायरेक्ट ड्राइव्ह सोडून तिकडे जायला मला सबळ कारण दिसत नाही.

शक्य असेल तर घेण्याआधी दोन्हींवर पाच मिनिटं बसा, पण लॅप मारू नका. एखाद्या मोकळ्या ट्रॅकवर ताशी ८० किलोमीटरच्या आसपास सरळ चालवत व्हील दोन बोटांनी डावी-उजवीकडे जेमतेम हलवत राहा, आणि ओढ एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते तिथे लक्ष ठेवा. मग दुसऱ्या गिअरमध्ये मागचा भाग मुद्दाम सोडा आणि रिम सैल हाताने फिरू द्या. ती कुठे थांबू पाहते हे हाताला कळलं तर ते व्हील तुमचं. कळायच्या आधी ‘कट्’ ऐकू आलं तर त्याचीही सवय होईल म्हणा. मला झाली नाही.