डाळभाजी पास, नववा प्रश्न नापास

मिहान असो, परसोडीचा आयटी पार्क असो की हिंगणा एमआयडीसी, 'न्यूट्रिशन अँड वेलनेस' नावाचं पॅकेज विकणारे आता नागपुरात सगळीकडे फिरतात. इथे ज्याचा हिशेब मांडलाय ते पॅकेज तीनशेएक माणसांच्या ऑफिसचं आहे. त्यात दुपारची थाळी, चार वाजताचा खाऊ, रात्रपाळीचं जेवण, महिन्यातून एकदा आहारतज्ज्ञ आणि मोबाइलवर मनाची चाचणी एवढं येतं. पुरवठादाराचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण खालच्या बहुतेक चुका या धंद्यात सगळेच करतात. जेवणाला पाचपैकी चार गुण, बाकीच्याला जेमतेम दोन.

सुरुवात डाळभाजीपासून करू, कारण स्वयंपाकघराची नियत तिथेच कळते. पालक, तूरडाळ, थोडी चणाडाळ, मूठभर फल्लीदाणे आणि वरून लसूण-लाल मिरचीची फोडणी. या पुरवठादाराची डाळभाजी पळीतून सांडत नाही, पळीला धरून राहते. डाळ शिजून मोडलेली, दाणे मात्र दाताखाली येतात, आणि पालक शेवटी घातल्यामुळे शेवाळी न होता हिरवा राहतो. शेजारी लिंबाची फोड येते. ती शोभेची नाही. पालक-डाळीतलं लोह शरीरात सहज शिरत नाही, 'क' जीवनसत्त्व सोबत असलं तर बरंच जास्त शिरतं. अडचण अशी की जेवून उठल्या उठल्या सगळे चहाच्या मशीनसमोर उभे राहतात आणि चहातलं टॅनिन तेच लोह अडवतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान तासभर चहा-कॉफी नको अशी आहे. मशीन दुपारी एक ते अडीच बंद ठेवायला पैसे लागत नाहीत, पण आहारतज्ज्ञांच्या अहवालात या मशीनचा उल्लेखच नाही.

साधं वरण ज्या दिवशी असतं त्या दिवशी मात्र घसरगुंडी होते. करारात 'एक वाटी वरण' असं लिहिलंय, आणि वाटीत पाणीही मावतं. तिथे माणशी ३० ग्रॅम कच्ची डाळ असं लिहून घ्या, म्हणजे शंभर माणसांमागे ३ किलो. तपासायला वाटी दहा मिनिटं तशीच ठेवा. वर पाण्याचा थर आला तर डाळ कमी आहे. हा फरक किरकोळ नाही. १२० ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकरींतून साधारण १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात, ३० ग्रॅम तूरडाळीतून साडेसहा, तेवढ्याच मटकीच्या उसळीतून जवळपास तितकीच, आणि भात-दही मिळून सहा. एकूण तीसच्या आसपास. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम लागतात, म्हणजे अर्ध्याहून जास्त काम एका थाळीत होतं. वरण पातळ झालं, उसळीच्या जागी आलूची रस्साभाजी आली, की हाच आकडा वीसच्या घरात उतरतो आणि चार वाजता माणूस बिस्किटाचा पुडा फोडतो.

भाकरीबद्दल तक्रारी खूप येतात आणि त्यातल्या निम्म्या अन्यायाच्या आहेत. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे गार झाली की भाकरी कडक होणारच. उकळत्या पाण्यात पीठ उकडून घेतलं, भाकरी जरा जाडसर थापली आणि सुती कापडाच्या थरांत ठेवली तर दोन तास नरम राहते. इथे ती प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात येते. वाफ झाकणाला लागून परत पडते, वरच्या चार भाकरी ओल्या गच्च आणि तळच्या कागदासारख्या. उपाय एक कापड आहे. सोबतची जवसाची चटणी फार चांगली. लोणचं आणि पापड रोज कशाला, हे कळत नाही. मिठाची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम आहे आणि लोणच्याच्या एका मोठ्या फोडीतच त्यातलं दीड ग्रॅम संपू शकतं.

चार वाजताचा खाऊ हा या पॅकेजचा सगळ्यात गाजावाजा झालेला आणि सगळ्यात कच्चा भाग. 'शुगर-फ्री' लिहिलेले खजुराचे लाडू येतात. वरून साखर घातलेली नसेल, पण खजूर स्वतःच निम्म्याहून जास्त साखर असतो. त्यावर मशीनचा चहा. एका कपात दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम साखर धरली तर तीन कपांत ३० होते, आणि वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा २५ ग्रॅमच्या आत ठेवा असं सांगितलं जातं. त्यापेक्षा ३० ग्रॅम फुटाणे आणि एक संत्रं परवडतं. आंबिया आणि मृग बहार हे संत्र्याचे दोन्ही हंगाम मिळून नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत नागपुरात संत्र्यांना तोटा नसतो, मग पपई आहेच. पदार्थांना लाल-हिरव्या टिकल्या (लाल म्हणजे कमी खा, हिरवी म्हणजे खुशाल खा) लावण्याचाही कार्यक्रम आहे. त्यात तर्री-पोह्यांना लाल टिकली मिळाली. तर्री आधीच एवढी लाल असते की टिकली दिसत नाही, आणि लोक पोहे खातातच. टिकली लावण्यापेक्षा पोह्यांत भिजवलेले हरभरे दुप्पट आणि तर्रीवरचा तेलाचा तवंग अर्धा केला असता तर काम झालं असतं.

आता मनाचा भाग. जाहिरातीत म्हटलंय की आहार सुधारला की तीन महिन्यांत ताण उतरतो. अशा दाव्यामागे बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियात झालेला आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग असतो. त्यात नैराश्याचे ६७ रुग्ण होते, बारा आठवड्यांत आहारतज्ज्ञाबरोबर सात बैठका झाल्या, आणि आहारगटातल्या सुमारे ३२ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं. नुसत्या गप्पा-सोबतीच्या गटात हे प्रमाण ८ टक्के होतं. आकडा मोठा आहे, पण ते निदान झालेले रुग्ण होते, आणि प्रत्येकाला एकट्याने बसवून समजावलं होतं. महिन्यातून एकदा दीडशे लोकांसमोर स्लाइड दाखवून तसं होत नाही. एक गोष्ट मात्र आहारतज्ज्ञांनी खरंच चांगली केली. सतत थकवा आणि हातापायाला मुंग्या सांगणाऱ्या शाकाहारी कर्मचाऱ्यांना त्यांनी डॉक्टरकडे पाठवून बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासायला लावलं. 'स्ट्रेस आहे' म्हणून सोडून दिलेल्या थकव्यामागे कधीकधी हेच निघतं.

ॲपमधली चाचणी म्हणजे नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. इथे त्याला 'रोज' असं उत्तर दिलं तरी पडद्यावर 'धन्यवाद, पाणी भरपूर प्या' एवढंच येतं. हे अक्षम्य आहे. ज्याच्याकडे त्या उत्तरावर त्याच दिवशी फोन करणारं प्रशिक्षित माणूस नाही त्याने हा प्रश्न विचारूच नये, मन किती बरं आहे एवढंच विचारणारी पाच प्रश्नांची डब्ल्यूएचओ-५ वापरावी. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर तर कोणत्याही पडद्यावर टाकता येतो. मराठीतही बोलता येतं.

दुसरं भगदाड अहवालाचं. एचआरला या चाचणीची विभागवार सरासरी जाते, नावं नसतात. पण सहा माणसांच्या विभागात सरासरी अचानक बिघडली की कोणामुळे, हे चहाच्या टपरीवरसुद्धा कळतं. दहापेक्षा कमी माणसांचा गट वेगळा दाखवायचा नाही, ही अट करारात हवीच. 'वेलनेस कोच' या पदवीला अर्थ नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, तिचा क्रमांक मागा. आणि वजन घटवण्याची स्पर्धा, भिंतीवर नावांसकट, पहिल्याच दिवशी बंद करा.

ज्या गोष्टीने दुपारी खरंच फरक पडतो ती या पॅकेजमध्ये नाहीच. ती म्हणजे बसून जेवायला मिळणारा वेळ. सलग तासन्‌तास काम नको, मध्ये किमान अर्धा तास सुट्टी हवी, हे महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातच (२०१७) आहे. पण तीनशे माणसं, वाढायला एक काउंटर, माणशी पंधरा सेकंद धरले तरी शेवटच्याला ७५ मिनिटांनी ताट मिळतं. म्हणून लोक ताट डेस्कवर नेतात आणि एका हाताने माउस चालवत जेवतात. तीन काउंटर लावले की हीच रांग २५ मिनिटांत संपते, आणि विभागांच्या वेळा वीस-वीस मिनिटांनी पुढेमागे केल्या तर कोणालाच दहा मिनिटांपेक्षा जास्त उभं राहावं लागत नाही. पुरवठादार म्हणतो ते ऑफिसने बघायचं, ऑफिस म्हणतं पॅकेज घेतलंय ना.

रात्रपाळीला रात्री एक वाजता पूर्ण थाळी देतात. ते बदला. बोस्टनच्या एका प्रयोगशाळेत १९ जणांवर कृत्रिम रात्रपाळी लावून पाहिलं, तेव्हा रात्रीही जेवणाऱ्यांची मनःस्थिती खालावली, फक्त दिवसा जेवणाऱ्यांची नाही. प्रयोग लहान आहे, त्यावर धोरण ठरत नाही. पण भरल्या पोटी तीन वाजता डुलक्या येतात हे सांगायला प्रयोग लागत नाही. पाळी सुरू होण्याआधी आठ-साडेआठला जेवण, मध्यरात्री वाटीभर मुगाची पातळ खिचडी किंवा फुटाणे, आणि पहाटे घरी जाताना नाश्ता, एवढं बसतं.

चाचणीचा महिना मागून घ्यायचा असेल तर जानेवारी नको, मे मागा. थंडीत कोणाचंही स्वयंपाकघर पास होतं. पारा ४५ वर असताना हिंगण्याहून निघालेला भात ऑफिसात पोहोचेपर्यंत गरम डबा ६० अंशांच्या वर आणि मठ्ठा ५ अंशांच्या खाली राहिला पाहिजे. मधल्या तापमानात राहिलेला भात दिसायला चांगला असतो, आणि त्याच्यानेच पोट बिघडतं. सळईचा थर्मामीटर ऑफिसने स्वतःचा ठेवावा. डब्याच्या कडेला नाही, मधोमध खुपसा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, आणि पावतीवर एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) १४ आकडी परवाना क्रमांकाशेजारी ते तापमान रोज लिहून सही घ्या.