साइनचा नियम की कोसाइनचा? काटकोन नसलेल्या त्रिकोणासाठी

दहावीपर्यंत साइन आणि कोसाइन म्हटलं की काटकोन त्रिकोणच डोळ्यांसमोर येतो. बारावीत तो काटकोन जातो आणि हातात दोन नियम येतात. कोणता लावायचा, हे तुम्हाला काय दिलंय त्यावरच ठरतं.

खडकवासल्याच्या काठावरून पलीकडच्या झाडाचं अंतर काढायचंय. काठावर १०० मीटरची रेघ आखा, दोन्ही टोकांवरून झाडाचा कोन मोजा. समजा ७० आणि ८० अंश आले. मग झाडापाशी उरले ३०. इथे साइनच. बाजू भागिले समोरच्या कोनाचा साइन, हे गुणोत्तर तिन्हीकडे सारखंच असतं. म्हणून ७० अंशाच्या टोकापासून झाड १०० × साइन ८० ÷ साइन ३०, म्हणजे सुमारे १९७ मीटरवर. फक्त रेघ फार आखूड घेऊ नका. झाडापाशी कोन बारीक झाला की मोजणीतली छोटी चूकही अंतरात मोठी होते.

कात्रजच्या एखाद्या तिरक्या प्लॉटच्या तीनही बाजू टेपने मोजल्यात: ५०, ७० आणि १०० फूट. कोन एकही माहीत नाही, त्यामुळे साइनचा नियम सुरूच होत नाही. कोसाइनचा नियम असा: कोनालगतच्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेतून समोरच्या बाजूचा वर्ग वजा करा आणि त्या दोन बाजूंच्या गुणाकाराच्या दुपटीने भागा, की त्या कोनाचा कोसाइन मिळतो. त्याने १०० फुटांसमोरचा कोन काढा: (२५०० + ४९०० − १००००) ÷ ७००० = −०.३७१, म्हणजे सुमारे १११.८ अंश. कोन विशाल आहे हे उणे चिन्हच सांगतं. दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन दिला असेल तरी कोसाइनच.

खरी अडचण येते ती दोन बाजू आणि एकीसमोरचा कोन दिल्यावर. कोन ३० अंश, त्याच्यासमोरची बाजू ६, दुसरी बाजू १०. साइनच्या नियमाने १० समोरच्या कोनाचा साइन ०.८३३ येतो. कॅल्क्युलेटर ५६.४ अंश दाखवतो, पण १२३.६ अंशाचाही साइन तोच, आणि ३० मध्ये मिळवूनही १८० ओलांडत नाही. म्हणजे दोन वेगळे त्रिकोण. इथे मी कोसाइनलाच पसंती देतो: तिसऱ्या बाजूचं वर्गसमीकरण मांडलं की ११.९८ आणि ५.३४ अशी दोन्ही उत्तरं समोर येतात, एकही निसटत नाही.

तीन बाजूंच्या गणितात सर्वांत मोठा कोन आधी कोसाइनने काढा. उरलेले दोन्ही लघुकोनच असतात, तिथे साइन बिनधास्त वापरा.