माणसं जास्त की ओरबाडणं जास्त?

मे महिन्यात वाडीत टँकर आला की कोणीतरी बोलतंच, लोकसंख्या वाढली ना, पाणी पुरणार कुठून. जगाचं बघितलं तर पटतं पण, १९६० ला ३ अब्ज होतो, २०२२ ला ८ अब्ज झालो, तोंडं वाढली की तांदूळ, पाणी, जमीन सगळंच जास्त लागणार.

पण मग आमचा रत्नागिरी जिल्हा घ्या, २००१ ला साधारण १६.९७ लाख, २०११ च्या जनगणनेत १६.१५ लाख, म्हणजे कमीच झालो की! सिंधुदुर्गही घटला. अर्ध्या घरांना कुलपं, माणसं मुंबईला, आणि पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर पडून पण विहीर तळाला, कारण जांभ्या दगडात पाणी टिकत नाही, सगळं उतारावरून समुद्रात.

मासळीचं तर विचारूच नका. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला अख्खी वाडी लागते, शेवटी प्रत्येकाच्या टोपलीत वाटा येतो तेवढाच, आणि तिकडे एलईडी दिवे लावून एक पर्ससीनवाली (माशांना चहूबाजूंनी घेरणारं जाळं टाकणारी) बोट रात्रीत अख्खा थवा उचलते (बंदी आहे, कागदावर). माणसं कुठे जास्त आणि मासे कोण जास्त संपवतंय?

म्हणून माझं मत, टंचाईचा दोष माणसांच्या संख्येपेक्षा ओरबाडण्याचाच जास्त. ८ अब्जात आमची चुलीवर पेज शिजवणारी आजी पण एक आणि तीन गाड्यावाला पण एकच धरतात राव.